दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीतील वेळ आणि क्रम : अविनाश साबळे यांच्या शर्यतींच्या आधारे एक विवेचन

जालना जिल्ह्याच्या अंबड, घनसावंगी वा परतूर तालुक्यांतील मोठ्या रस्त्यांवर पहाटेच्या वेळी तरुणांचे लहान लहान गट धावताना दिसतात. गोदावरी ओलांडून बीड जिल्ह्यात गेले तरी दृश्य तेच. या तरुणांच्या मनात ऑलिंपिक नसते, भरती असते. पोलीसभरतीतील १,६०० मीटर किंवा सैन्यभरतीतील १.६ किलोमीटर हे अंतर ठरावीक वेळेत पुरे करणे, एवढाच त्यांच्या धावण्याचा हेतू असतो. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा या गावी १३ सप्टेंबर १९९४ रोजी जन्मलेले अविनाश साबळे हे याच वाटेने बारावीनंतर सैन्यात दाखल झाले. पुढे ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत, म्हणजे स्टीपलचेसमध्ये, त्यांनी राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक व आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले.

या यशाचे वर्णन वृत्तपत्रांतून पुष्कळ झाले आहे. परंतु वर्णन म्हणजे मीमांसा नव्हे. शर्यतीचे मोजमाप नेमके कशाचे होते, उत्तम वेळ नोंदविणारा धावपटू स्पर्धेत मागे का पडतो, आणि असा धावपटू घडतो कसा, या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. शर्यतीचे स्वरूप

स्टीपलचेसमध्ये धावपटूस सुमारे साडेसात फेरे मारावयाचे असतात. त्या अवधीत त्यास २८ कोरडे अडथळे व ७ पाण्याचे अडथळे पार करावे लागतात. पुरुषांच्या शर्यतीत अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर असते. लघु पल्ल्याच्या अडथळ्यांप्रमाणे हा अडथळा पाय लागताच कोसळत नाही. तो भक्कम असतो व चूक करणाऱ्यालाच खाली पाडतो. पाण्याच्या अडथळ्यापलीकडे ३.६६ मीटर लांबीचा खड्डा असतो. त्याचा तळ उताराचा असल्यामुळे जो दूरवर उडी घेतो त्याचा पाय उथळ पाण्यात पडतो. जो थकलेला असतो तो खोल पाण्यात उतरतो आणि आणखी थकतो.

अडथळ्यांची किंमत किती, याचा अंदाज एका उदाहरणावरून बांधता येतो. इथिओपियाचे लामेचा गिर्मा यांनी २०२३ साली छताखालील धावपट्टीवर सपाट ३,००० मीटर अंतर ७ मिनिटे २३.८१ सेकंदांत कापले. त्याच वर्षी ९ जून रोजी पॅरिस येथे त्यांनी अडथळ्यांच्या शर्यतीत ७ मिनिटे ५२.११ सेकंद हा जागतिक विक्रम केला. दोन्ही वेळांतील अंतर २८.३० सेकंदांचे आहे. ते ३५ अडथळ्यांवर वाटले असता प्रत्येक अडथळ्यापायी सुमारे ०.८ सेकंद खर्ची पडतो, असे दिसते. तथापि ही केवळ सरासरी होय. प्रत्यक्षात प्रत्येक उडीनंतर गती किंचित मोडते व ती पुन्हा जुळवावी लागते. या वारंवारच्या मोडजोडीत स्नायूंचे जे बळ खर्च होते, त्याचा हिशेब अखेरच्या फेऱ्यात द्यावा लागतो.

आठ-साडेआठ मिनिटांच्या या श्रमात शक्तीचा फार मोठा भाग श्वासावाटे घेतलेल्या प्राणवायूच्या साहाय्याने निर्माण होतो. प्राणवायू अपुरा पडला तरी स्नायू काही काळ काम करू शकतात. परंतु तो साठा अल्प असतो व तो वापरताच थकवा वेगाने वाढतो. म्हणून दीर्घ पल्ल्याच्या धावपटूची सारी विद्या हा अल्प साठा केव्हा उघडावा यात असते. लवकर उघडल्यास शेवटी हात रिकामे राहतात, उशिरा उघडल्यास शर्यत हातची गेलेली असते.

२. वेळ निराळी, क्रम निराळा

सामान्य प्रेक्षकाची समजूत अशी की, ज्याची नोंदलेली वेळ सर्वांत चांगली तो जिंकेल. आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या शर्यतीत मात्र ही समजूत वारंवार खोटी ठरते. निमंत्रितांच्या शर्यतीत पुष्कळदा वेग राखून देणारा धावपटू मुद्दाम नेमलेला असतो व सर्वांचे लक्ष वेळेकडे असते. अजिंक्यपदाच्या स्पर्धेत असा कोणी नसतो. पुढे राहणाऱ्यास वारा कापावा लागतो, मागच्यांस आडोसा मिळतो. यास्तव पुढे होण्यास कोणी सहसा राजी नसतो.

२०२२ सालच्या जुलैमध्ये अमेरिकेतील ओरेगॉन येथे झालेली जागतिक स्पर्धा याचे उत्तम उदाहरण होय. साबळे यांनी त्याच वर्षी जूनमध्ये रबात येथे ८ मिनिटे १२.४८ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला होता. ओरेगॉनची अंतिम शर्यत मोरोक्कोचे सुफियान एल बक्काली यांनी ८ मिनिटे २५.१३ सेकंदांत जिंकली, म्हणजे साबळे यांच्या विक्रमाहून विजेत्याची वेळ १२.६५ सेकंदांनी अधिक होती. असे असूनही साबळे ८ मिनिटे ३१.७५ सेकंदांत अकरावे आले. शर्यत संथ झाली की सर्वांजवळ शक्ती शिल्लक राहते आणि निकाल अखेरच्या फेऱ्यातील उसळीवर लागतो. ज्याचे बळ एकसारखा कठोर वेग टिकविण्यात आहे, त्याच्या गुणास अशा शर्यतीत वावच मिळत नाही.

पात्रतेचे नियमही याच प्रश्नाशी निगडित आहेत. टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) प्राथमिक फेरीच्या प्रत्येक गटातील पहिले तीन व उरलेल्यांपैकी सर्वांत कमी वेळ घेणारे सहा असे पंधरा धावपटू अंतिम फेरीस घेण्यात आले. साबळे दुसऱ्या गटात सातवे आले. परंतु त्यांची ८ मिनिटे १८.१२ सेकंद ही वेळ तत्कालीन राष्ट्रीय विक्रम ठरली. तिसऱ्या गटाची शर्यत संथ झाली. तीतून क्रमाच्या बळावर पात्र ठरलेल्या तिघांना साबळे यांच्याहून अधिक वेळ लागला होता. ते अंतिम फेरीत गेले; साबळे बाहेर राहिले. यात अन्याय झाला असे म्हणणे सोपे आहे. परंतु भिन्न गटांतील वेळांची तुलना हीच मुळात सदोष असते, कारण प्रत्येक गटाचा वेग त्यातील धावपटूंच्या परस्पर डावपेचांवर ठरतो.

पुढे नियम बदलला आणि वेळेचा आधार काढून टाकण्यात आला. प्रत्येक गटातील पहिले पाच, एवढेच पात्र. २०२३ साली बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत साबळे आपल्या गटात ८ मिनिटे २२.२४ सेकंदांत सातवे आले व बाद झाले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते ८ मिनिटे १५.४३ सेकंदांत बरोबर पाचवे आले आणि या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत जाणारे पहिले भारतीय पुरुष ठरले. ७ ऑगस्ट रोजी झालेल्या अंतिम फेरीत त्यांनी ८ मिनिटे १४.१८ सेकंदांत अकरावा क्रमांक मिळविला. त्याच शर्यतीत जागतिक विक्रमवीर गिर्मा अखेरच्या फेऱ्यात अडथळ्यास अडखळून पडले. सर्वोत्तम वेळ जवळ असणे व पदक मिळणे या दोन गोष्टी किती भिन्न आहेत, हे त्या दिवशी पुन्हा एकवार दिसून आले.

३. बर्मिंगहॅम आणि हांगचौ

वरील विवेचनाच्या प्रकाशात साबळे यांच्या दोन मोठ्या यशांकडे पाहिले म्हणजे त्यांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ ते २०१८ या काळात झालेल्या सहा स्पर्धांमधील या शर्यतीची अठराही पदके केनियाने घेतली होती. ६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅम येथे ही परंपरा खंडित झाली. साबळे ८ मिनिटे ११.२० सेकंदांत दुसरे आले. केनियाचे अब्राहम किबिवोट यांची वेळ ८ मिनिटे ११.१५ सेकंद होती. तिसरे आलेले आमोस सेरेम पाच सेकंदांहून अधिक मागे होते. ओरेगॉननंतर तीन आठवडेही लोटले नव्हते. धावपटू तोच होता, परंतु शर्यतीची जात बदलली होती. येथे वेग आरंभापासून कडक राहिला, आणि कडक वेग हेच साबळे यांचे बळ.

सुवर्ण आणि रौप्य यांत ०.०५ सेकंदाचे अंतर राहिले. शर्यतीचा सरासरी वेग सेकंदास ६.१ मीटर धरला असता हे अंतर ३० सेंटिमीटरांच्या आसपास, म्हणजे सुमारे एक फूट भरते. एकूण वेळेशी त्याचे प्रमाण जवळजवळ दहा हजारांत एक असे पडते. पस्तीस अडथळ्यांपैकी एखाद्यावर पाऊल चार बोटे इकडे पडले असते तरी क्रम उलटला असता. म्हणून एका शर्यतीच्या क्रमावरून दोन धावपटूंच्या योग्यतेविषयी मोठे सिद्धान्त मांडताना अभ्यासकाने सावध असावे.

हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत (१ ऑक्टोबर २०२३) परिस्थिती वेगळी होती. येथे प्रतिस्पर्ध्यांच्या मानाने साबळे यांचे बळ अधिक होते. डावपेचांना वाव न देता आघाडी घेऊन एकट्याने वेग राखणे हाच त्यांच्या दृष्टीने शहाणपणाचा मार्ग होता, व त्यांनी तोच पत्करला. ८ मिनिटे १९.५० सेकंद हा स्पर्धाविक्रम करून त्यांनी दुसऱ्या क्रमांकाच्या जपानी धावपटूस चार सेकंदांहून अधिक मागे टाकले. या शर्यतीत आशियाई सुवर्णपदक मिळविणारे ते पहिले भारतीय पुरुष होत. तीनच दिवसांनी ५,००० मीटर शर्यतीत १३ मिनिटे २१.०९ सेकंदांत त्यांनी रौप्यपदकही मिळविले. साडेबारा फेऱ्यांच्या त्या शर्यतीत प्रत्येक फेऱ्यास सरासरी ६४ सेकंद पडले.

४. घडण : भूमी की संस्था?

साबळे लहानपणी सहा किलोमीटर दूरच्या शाळेत पायी अथवा धावत जात, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तीवरून असा निष्कर्ष काढण्यात येतो की, अवर्षणप्रवण मुलुखातील कष्टांनी हा धावपटू घडविला. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीच्या महिलांच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या, हा दाखलाही जोडला जातो. दोन्ही गावे पर्जन्यछायेच्या प्रदेशातील असल्यामुळे हा तर्क मोहक वाटतो.

परंतु तो अपुरा आहे. शाळेची लांब वाट मराठवाड्यातील असंख्य मुलांनी तुडविली; त्यांतून आंतरराष्ट्रीय धावपटू झाले नाहीत. उंचीचे कारणही येथे लागू पडत नाही. केनियातील इटेन हे धावपटूंचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे. जालना शहराची उंची ५०० मीटरांच्या आसपास भरते. विरळ हवेत वाढल्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती वाढते, हा लाभ गोदावरीच्या खोऱ्यातील मुलास जन्मतः मिळत नाही. साबळे यांनी तो पुढे अमेरिकेत कोलोरॅडो येथील उंचावरील सरावातून मिळविला.

मग निर्णायक काय ठरले? घटनांचा क्रम पाहता उत्तर संस्थेकडे बोट दाखविते. महार रेजिमेंटमध्ये दाखल झाल्यावर सियाचीन, राजस्थान व सिक्कीम येथे त्यांनी नोकरी केली. २०१५ च्या सुमारास सैन्यांतर्गत क्रॉसकंट्री शर्यतींत त्यांचे बळ प्रथम दिसून आले. त्यानंतर प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या मार्गदर्शनाखाली ते अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळले. २०१८ साली भुवनेश्वर येथे त्यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंद वेळ नोंदवून गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. नियमित आहार, निर्वेध वेतन, सरावास मोकळीक व जाणकार मार्गदर्शक या चार गोष्टी एकत्र आल्या आणि तीन-चार वर्षांत सदतीस वर्षांचा विक्रम मागे पडला. १९२० साली बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्प ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, त्यामागेही पुण्याच्या डेक्कन जिमखान्यातील उपक्रमाची प्रेरणा होती. एका शतकाच्या अंतराने दोन्ही उदाहरणे एकच गोष्ट सांगतात.

येथे भरतीच्या परीक्षेचा पुन्हा विचार करणे आवश्यक आहे. सैन्यभरती मेळाव्यांत दीर्घकाळ प्रचलित असलेल्या नियमानुसार १.६ किलोमीटर अंतर ५ मिनिटे ३० सेकंदांत कापणाऱ्यास पूर्ण ६० गुण मिळत. कोणी तेच अंतर साडेचार मिनिटांत कापले तरी गुण तितकेच. बर्मिंगहॅमच्या शर्यतीत अडथळ्यांसह साबळे यांचा जो सरासरी वेग होता, त्या वेगाने हे अंतर सुमारे ४ मिनिटे २२ सेकंदांत पुरे होते. म्हणजे ही परीक्षा सुदृढ तरुण निवडते. परंतु सुदृढ आणि असामान्य यांतील भेद तिला दिसत नाही, कारण तो पाहणे हे तिचे कामच नाही. साबळे यांची निवडही सैनिक म्हणून झाली. धावपटू म्हणून त्यांचा शोध त्यानंतर काही वर्षांनी लागला.

५. समारोप

७ जुलै २०२४ रोजी पॅरिस येथील डायमंड लीग शर्यतीत साबळे यांनी आपला राष्ट्रीय विक्रम ८ मिनिटे ०९.९१ सेकंदांवर आणला. २०२५ च्या मे महिन्यात दक्षिण कोरियातील गुमी येथे त्यांनी आशियाई अजिंक्यपद मिळविले. जुलैमध्ये मोनॅको येथे पाण्याच्या अडथळ्यावर पडून त्यांच्या गुडघ्यास गंभीर इजा झाली व शस्त्रक्रियेमुळे त्या वर्षीच्या टोकियो जागतिक स्पर्धेस त्यांना मुकावे लागले. पस्तीस भक्कम अडथळ्यांच्या या शर्यतीत यश आणि इजा एकाच उडीच्या दोन बाजू असतात.

एकाच धावपटूच्या चरित्रावरून नियम बांधता येत नाही, हे खरे. परंतु त्यावरून प्रश्न नेमका करता येतो. जालना आणि बीडच्या रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्या तरुणांपैकी बहुतेकांचे धावणे भरतीच्या दिवशी संपते. निवड झाली तरी संपते, न झाली तरी संपते. त्यांच्यातील एखाद्याने १,६०० मीटर अंतर साडेचार मिनिटांत कापले, तर ती वेळ कोठे नोंदली जाते आणि ती कोण वाचतो? शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासकांनी या मुलुखाच्या कष्टांचे कौतुक करण्याबरोबरच हातात घड्याळ घेऊन त्या रस्त्यांवर उभे राहिल्यास या प्रश्नाचे उत्तर मिळू लागेल.