खोली क्रमांक १०३
मालिका : ‘डेक्स्टर’, अमेरिकेची शोटाइम वाहिनी, ऑक्टोबर २००६ ते सप्टेंबर २०१३. आधार : जेफ लिंडसे यांची कादंबरी.

भाग : पहिल्या पर्वातला दहावा, ‘सीइंग रेड’. मायामीतल्या हॉटेलची १०३ क्रमांकाची खोली रक्ताने माखलेली. डेक्स्टर पोलिसांचा रक्तडाग-तज्ज्ञ. रक्त पाहणे हे त्याचे रोजचे काम. तरी आत जाताच कोसळतो. १९७३ मध्ये, अगदी लहानपणी, कंटेनरमध्ये त्याच्यादेखत आईची हत्या झालेली असते; ती आठवण उसळून येते.

दडलेली आठवण : ती अशी जशीच्या तशी परतते का, यावर मानसशास्त्रज्ञांत एकमत नाही. पटकथाकारांत मात्र आहे.

फ्लॅशबॅक : घटना नुसती आठवत नाही, आत्ता घडते आहे असे वाटते. वास, आवाज, रंग, काहीही निमित्त पुरते.

पीटीएसडी (आघातानंतरचा ताणविकार) : फ्लॅशबॅक हे त्याचे एक लक्षण. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत १९८० पासून.