नवेपणाची शहानिशा

पेटीवरचे मोहोरबंद वेष्टन शाबूत आहे एवढ्यावरून आतील कॅमेरा कोराच असल्याचा निर्वाळा देणे धाडसाचे होय. कारण वेष्टन पुन्हा घालता येते, परंतु भिंग बसविण्याच्या कड्यावर, फ्लॅशच्या खाचेतील रंगावर व तळाशी तिपाईच्या आट्यांवर धातूशी धातू घासून उमटलेले ओरखडे सहसा कोणास पुसता येत नाहीत. पेटी, हमीपत्र व कॅमेरा यांवरील अनुक्रमांक तर ताडून पाहावेतच. याहून सबळ साक्ष शटरच्या उघडझापीच्या गणतीची: निकॉनच्या डीएसएलआर कॅमेऱ्यांत ती प्रत्येक छायाचित्राच्या फाइलीत, चित्रात न दिसणाऱ्या मजकुरात, नोंदली जाते, आणि ज्या डी८५०चे शटर २,००,००० उघडझापींच्या कसोटीस उतरविलेले आहे, त्याने काढलेल्या पहिल्याच चित्रात काही सहस्रांचा आकडा आढळल्यास विक्रेत्याकडे खुलासा मागण्यास गिऱ्हाईक पूर्ण मुखत्यार आहे. (कारखान्यातील चाचणीची दहावीस चित्रे क्षम्य मानावीत.) फाइलीच्या नावातील क्रमांकावर मात्र मुळीच विसंबू नये; तो हवा तेव्हा पुन्हा एकपासून सुरू करता येतो. कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांच्या फाइलींत ही गणती नसते. तेथे छिद्र एफ/१६पर्यंत लहान करून पांढऱ्या भिंतीचे चित्र घ्यावे आणि संवेदकावरील धुळीचे काळसर ठिपके शोधावेत.