वर्धा ते नागपूर विमानाने पाच मिनिटं! मग तुमचा दिवस कुठे गेला?



एक गंमत सांगतो. नकाशावर वर्ध्यापासून नागपूरपर्यंत सरळ रेघ ओढली, तर अंतर भरतं सुमारे 67 किलोमीटर. जेट विमानाचा वेग ताशी 800 किलोमीटर धरा. गणित सांगतं, पाच मिनिटांत नागपूर! पण असं विमान नाहीच. आपलं जवळचं मोठं विमानतळ नागपूरलाच आहे. म्हणजे विमान पकडायलाही आधी नागपूरच गाठावं लागतं.

मग हे गणित काय कामाचं? कामाचं आहे, कारण धंद्यात आपण रोज हीच चूक करतो. फक्त मधला प्रवास मोजतो, दारापासून दारापर्यंतचा मोजत नाही.

मुंबईचं घ्या. नागपूर ते मुंबई विमान साधारण दीड तास. आता नालवाडीतून निघा. विमानतळापर्यंत पावणेदोन तास, तिथे दीड तास आधी हजर, उड्डाण दीड तास, बाहेर पडायला अर्धा तास, मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये एक तास. झाले सव्वासहा तास! रात्रीच्या रेल्वेला बारा-तेरा तास लागतात, पण ते झोपेत जातात. सकाळी उतरलात की कामाला मोकळे, आणि हॉटेलची एक रात्रही वाचली.

आता आपला रोजचा विषय. समजा, तुम्ही नालवाडीत घरी मसाला बनवता. नागपूरच्या दुकानदाराचा फोन येतो, "20 पाकिटं पाठवा." एका पाकिटामागे तुम्हाला 30 रुपये सुटतात. म्हणजे 600 रुपये. तुम्ही खुशीत गाडीला किक मारता.

थांबा. आधी हिशोब करा.

जाऊन-येऊन साधारण 160 किलोमीटर. गाडी लिटरला 50 देते आणि पेट्रोल 105 रुपये धरलं, तर जवळपास 340 रुपये. चहा-नाश्ता 60. आणि गेलेले सहा तास? तुमच्या तासाची किंमत फक्त 100 रुपये धरली तरी 600. एकूण 1000 रुपये. कमावले 600, घालवले 1000. ऑर्डर मिळाली, पण 400 रुपयांनी तुम्ही मागे गेलात!

म्हणजे किमान 34 पाकिटांची ऑर्डर असेल तरच चक्कर परवडते. कमी असेल तर तीन रस्ते आहेत: दोन-तीन दुकानांचा माल एकाच दिवशी न्या, पार्सलने पाठवा, किंवा दुकानदाराला सरळ सांगा, "भाऊ, माल दर गुरुवारी येईल." ठरलेला वार पाळलात, तर गिऱ्हाईक तुटत नाही, उलट विश्वास बसतो.

तासाची किंमत मोजणं आपल्या नालवाडीला नवीन नाही, बरं का. विनोबा भावे इथे राहत होते, तेव्हा सूतकताईच्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग त्यांनी स्वतःवर केला होता. किती तास, किती सूत, किती मजुरी, सगळा हिशोब.

तुम्हीही आज रात्री वही काढा. मागच्या महिन्यातल्या सगळ्या चकरा लिहा. प्रत्येकीपुढे तीन आकडे टाका: खर्च, तास, नफा. कोणती चक्कर बंद करायची, ते वहीच सांगेल.

किलोमीटर मोजू नका, मित्रांनो. तास मोजा!