जैविक गाळणीचे माध्यम: छिद्रे किती आणि कामाची किती

काचेच्या टाकीतला मासा शरीरातील टाकाऊ नत्र मुख्यत्वे कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो, आणि नदीच्या वाहत्या पाण्यात जो अमोनिया कुठल्या कुठे विरून जातो तोच पन्नास लिटरांच्या टाकीत साचून माशाच्या जिवावर उठतो. पाण्यात तो दोन रूपांत वावरतो: विद्युतभारित अमोनियम, जो तुलनेने निरुपद्रवी असतो, आणि मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांमधून सहज शरीरात शिरतो. या दोहोंचे प्रमाण पाण्याच्या सामूवर, म्हणजे आम्ल-अल्कतेच्या मापावर, आणि तापमानावर ठरते. 25 अंश सेल्सिअसला सामू 7 असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पण सामू 8 झाला की तेच प्रमाण पाच टक्क्यांपुढे जाते. त्यामुळे बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्यावर चालणाऱ्या टाकीत, चाचणीचा आकडा तोच दिसत असूनही, धोका कैक पटींनी मोठा असतो.

या विषाचा निचरा जिवाणू करतात. अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच अंशी निर्धोक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर होण्याच्या या क्रियेला नत्रीकरण म्हणतात, आणि ती घडवणारे जिवाणू सेर्गेई विनोग्राद्स्की यांनी 1890 च्या सुमारास झ्युरिकमध्ये वेगळे करून दाखवले. दुसऱ्या टप्प्याचे श्रेय पुस्तकांतून दीर्घकाळ नायट्रोबॅक्टरला दिले जात असे. 1990 च्या दशकात गोड्या पाण्याच्या मत्स्यटाक्या तपासल्या गेल्या तेव्हा ते काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतात असे आढळले, आणि 2015 मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा सापडले, तेही एका संशोधक गटाला मत्स्यसंवर्धनाच्या गाळणीतच. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. पृष्ठभागाला चिकटून ते बुळबुळीत थर तयार करतात, ज्याला जैवपटल म्हणतात. त्यांना बसायला जागा पुरवणारा स्पंज, कड्या, गोळे किंवा खडे म्हणजे जैविक माध्यम.

बाजारातला सारा गोंधळ या जागेच्या हिशोबातून उभा राहतो. भाजलेल्या मातीच्या किंवा काचेच्या सच्छिद्र कड्यांच्या खोक्यावर लिटरमागे शेकडो चौरस मीटर पृष्ठभागाचा दावा छापलेला असतो, आणि तो मोजमापाच्या दृष्टीने खोटाच असतो असे नाही. पण त्यातला बहुतेक भाग इतक्या सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींचा असतो की साधारण एक मायक्रॉन लांबीच्या जिवाणूला तिथे शिरता येत नाही, किंवा शिरला तरी जैवपटल वाढून तोंड लवकरच बुजते. त्यात नत्रीकरणाला प्राणवायू भरपूर लागतो, अमोनियातील 1 ग्रॅम नत्रामागे सुमारे साडेचार ग्रॅम, आणि तो जैवपटलात मिलिमीटरच्या एखाद-दोन दशांशांपलीकडे क्वचितच पोहोचतो. म्हणजे आतल्या भिंतींचा छापील विस्तार कागदावरच राहतो आणि काम होते ते वाहत्या पाण्याला लागून असलेल्या पृष्ठभागावर. शिवाय जिवाणूंची संख्या शेवटी मिळणाऱ्या अमोनियावर, म्हणजे टाकीत पडणाऱ्या खाद्यावर, ठरते. जागा दुप्पट केली म्हणून खाणारी तोंडे दुप्पट होत नाहीत.

या कसोटीवर सर्वांत स्वस्त असलेला खडबडीत स्पंज घरगुती टाकीसाठी सहसा सर्वांत सरस ठरतो. त्याची भोके डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी आणि एकमेकांत उघडणारी असल्यामुळे पाणी आरपार जाते, आणि पिळून तो पुन्हा मोकळा करता येतो, जी सोय कड्यांत नाही. कड्या वापरायच्याच असतील तर पाण्याच्या वाटेत आधी स्पंज आणि मग कड्या असा क्रम ठेवावा, म्हणजे गाळ त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. प्लॅस्टिकचे बायो बॉल मुळात वरून पाणी ठिबकत राहील अशा गाळणीसाठी योजलेले असून बुडवून ठेवल्यावर त्यांचा फारसा उपयोग राहत नाही. नॉर्वेत 1980 च्या दशकाच्या अखेरीस सांडपाण्यासाठी विकसित झालेल्या पद्धतीतली चाकासारखी फिरती प्लॅस्टिक माध्यमे मात्र, लिटरमागे अवघा अर्धा चौरस मीटर पृष्ठभाग असूनही, एकमेकांवर घासून स्वतःला साफ ठेवतात. त्यांना हवेचा जोरदार प्रवाह आणि हलायला मोकळी जागा हवी, एवढेच. सक्रिय कोळसा रंग आणि वास शोषून घेतो. त्यावरही जिवाणू बसतात, पण त्यासाठी तो विकत घेण्याचे कारण नाही.

प्रवाळाचे तुकडे माध्यम म्हणून सुचवले जातात, कारण नत्रीकरणात पाण्याची अल्कता खर्ची पडून सामू घसरतो आणि प्रवाळातला कॅल्शियम कार्बोनेट तो सावरतो. परंतु खडकाळ प्रवाळांना भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने या वाटेला न गेलेलेच बरे; चुनखडीचे खडे तेच काम करतात, आणि बोअरवेलच्या पाण्याला बहुधा त्यांचीही गरज पडत नाही.

नव्या माध्यमावर पुरेशी वसाहत बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात, म्हणून जुनी गाळणी काढण्याआधी ती काही काळ नवीसोबत चालू ठेवणे शहाणपणाचे. स्पंजातून निघणारे तपकिरी पाणी किळसवाणे दिसले तरी तो नळाखाली पांढरा होईपर्यंत धुणे म्हणजे क्लोरीनने वसाहत मारणे. टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोन-चारदा दाबला की पुरे. माशांवर बुरशीसाठी वापरले जाणारे मिथिलीन ब्लू हे निळे औषधही या जिवाणूंना मारक असल्याने उपचार वेगळ्या भांड्यात करावा लागतो. वीज तासन्‌तास जाणाऱ्या गावी बंद डब्याच्या गाळणीतला प्राणवायू संपून आतले पाणी सडते, आणि वीज येताच ते थेट माशांवर सोडले जाते. तेथे बॅटरीवरच्या हवेच्या पंपाला जोडलेला साधा स्पंज फिल्टर अधिक भरवशाचा, आणि डबाच वापरायचा असेल तर तो पुन्हा सुरू करण्याआधी उघडून आतले पाणी ओतून द्यावे.