शिकागोचं हल हाउस : सेवेसाठी शेजार
जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार १८८९ च्या सप्टेंबरात शिकागोतल्या हॉलस्टेड स्ट्रीटवरच्या एका जुन्या घरात राहायला गेल्या; तेच हल हाउस. आजूबाजूला इटालियन, ज्यू, ग्रीक, बोहेमियन स्थलांतरितांची दाट वस्ती. प्रेरणा लंडनच्या टॉयन्बी हॉल या सेवाकेंद्राची: सेवा करायची तर आधी त्या वस्तीत राहायचं. निवासी कार्यकर्ते राहण्या-जेवणाचा खर्च स्वतः द्यायचे, एकत्र जेवायचे. हा नियम फार मोलाचा, कारण त्यामुळे ते उपकारकर्ते न राहता शेजारी झाले.

नवं शहर या कार्यकर्त्यांनी पायी फिरून समजून घेतलं. घरोघरच्या पाहणीतून कोणत्या इमारतीत कोणत्या देशाचे लोक राहतात, आठवड्याला किती कमावतात, हे रंगीत नकाशांवर मांडलं आणि १८९५ मध्ये ते पुस्तकरूपात छापलं. त्याच वर्षी ॲडम्स वॉर्डाच्या कचरा-निरीक्षक झाल्या आणि पहाटे उठून कचऱ्याच्या गाड्यांमागे फिरू लागल्या.

फ्लॉरेन्स केली १८९१ च्या अखेरीस नवऱ्याचं घर सोडून तीन मुलांसह शिकागोत आल्या. अनोळखी शहरात त्यांना आसरा आणि काम दोन्ही हल हाउसमध्येच मिळालं. १८९३ मध्ये त्या इलिनॉयच्या पहिल्या मुख्य कारखाना-निरीक्षक झाल्या.