जळली प्लेट, दोष तेलाचा

अमेरिकेतल्या कॅमॅरो, सिल्व्हराडो, टाहो अशा असंख्य गाड्यांत जनरल मोटर्सचा ४एल६०-ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. जुन्या ७००आर४चंच हे इलेक्ट्रॉनिक रूप, १९९३ पासूनचं. रिबिल्डसाठी तो उघडला की बहुतेक वेळा ३-४ (तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या) क्लचच्या प्लेटा काळ्याठिक्कर पडलेल्या दिसतात. मग मालक विचारतो, 'जास्त प्लेटांचा सेट टाकू का?'

टाका, पण एवढ्यावर भागत नाही. जास्त प्लेटा बसवायच्या तर त्या पातळ लागतात, आणि पातळ स्टील प्लेट उष्णता कमी शोषते. शिवाय प्लेट आपोआप जळत नाही. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना बँड सुटतो आणि हा क्लच धरतो. त्या क्षणी तेलाचा दाब कमी पडला, की प्लेटा एकमेकींवर घासत राहतात.

म्हणून आधी गळती शोधायची. केसमध्ये थर्ड ॲक्युम्युलेटरचा छोटासा चेक बॉल असलेली कॅप्सूल असते. बँड आवळणाऱ्या सर्व्होच्या भोकातून तिच्या मार्गात थोडं सॉल्व्हंट ओतायचं. ते केसच्या आत झिरपलं तर कॅप्सूल बदलायची. भाग किरकोळ आहे, पण तो तसाच राहिला तर नवा क्लचही जुन्याच वाटेनं जातो. इनपुट शाफ्टवरच्या टेफ्लॉन रिंगा आणि क्लच पिस्टनची सीलं नवीच घ्यावीत, यात काटकसर नको.

गाडीच्या संगणकात पी१८७० हा कोड आला असेल, तर व्हॉल्व्ह बॉडीकडे वळा. टॉर्क कन्व्हर्टर क्लचचा रेग्युलेटर व्हॉल्व्ह सतत थरथरून ॲल्युमिनियमचं भोक झिजवतो. त्या झिजलेल्या भोकात मूळ मापाचा नवा व्हॉल्व्ह घालणं म्हणजे पैसे पाण्यात. भोक रीमरनं मोठं करून मोठ्या मापाचा व्हॉल्व्ह बसवावा लागतो, नाहीतर चांगली व्हॉल्व्ह बॉडी घ्यावी लागते.

सन गिअर फिरवणाऱ्या सन शेलबाबत मात्र मी फार विचार करत नाही, कठीण केलेला शेल टाकून मोकळा होतो. मूळ शेल तुटला की दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदमच जातात, आणि गाडी पहिल्या-तिसऱ्यावर कशीबशी घरी येते. 'कॉर्व्हेट सर्व्हो'चा पिस्टन मोठा असतो, त्यामुळे दुसऱ्या गिअरला बँड घट्ट धरतो. जड ओझं ओढणाऱ्या गाडीला तो जरूर घ्यावा. पंप उघडलाच आहे तर रोटरच्या रिंगाही कठीण केलेल्या घाला.

भाग मागवताना गाडीचं वर्ष आणि कन्व्हर्टरचं माप दुकानदाराला सांगा. जनरल मोटर्सच्या एलएस इंजिनांबरोबर आलेल्या ३०० मिलीमीटर कन्व्हर्टरचा इनपुट शाफ्ट वेगळा असतो.

आणि क्लच जळला असेल, तर जुना कन्व्हर्टर परत बसवू नका आणि कूलरच्या नळ्या धुऊन घ्या. जळक्या प्लेटांचा सगळा भुगा तिथेच अडकून बसलेला असतो. सगळ्याचंच बजेट नसेल, तर महागड्या प्लेटांचा विचार सोडा आणि आधी या दोन गोष्टी करा.