मनगटावरचा आकडा

आमच्या इच्छापोरमध्ये हल्ली हजिऱ्याच्या कारखान्यांत शिफ्टला जाणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या मनगटावर स्मार्टवॉच दिसतं. मी परिचारिका, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो: "ताई, नाडी ९२ दाखवतंय. काही भानगड तर नाही ना?"

हृदयाचा ठोका पडला की रक्ताची लाट धमन्यांतून धावते. मनगटाशी बोटांना जाणवते ती हीच लाट. शांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० असते. तान्ह्या बाळाची १२०च्या पुढेही जाते. रोज धावणाऱ्याची पन्नाशीतही असू शकते, कारण त्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. म्हणजे ९२ हा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. एरवी ६८ असणाऱ्याची नाडी बसल्या जागी रोज ९२ येऊ लागली, तर मात्र कारण शोधायला हवं.

कारणं बरीच असतात. सुरतेच्या दमट मे महिन्यात अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, घामाने पाणी कमी होतं आणि हृदयाला जास्त धावावं लागतं. तापात एक अंश सेल्सिअसमागे नाडी साधारण १० ठोक्यांनी वाढते. कडक चहा, तंबाखू, जागरण, काळजी यांनीही वाढते. बायकांमध्ये रक्त कमी असणं आणि थायरॉइड ही कारणं हमखास तपासावीत. उलट, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मंदावते.

मोजायची कशी? पाच मिनिटं शांत बसा. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटावर तर्जनी आणि मधलं बोट हलकेच ठेवा. अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःचीच नाडी लागते. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. ठोके पुढेमागे पडत असतील तर पूर्ण मिनिट मोजा. आठवडाभर सकाळी, चहाच्या आधीचा आकडा लिहून ठेवा. तो तुमचा नेहमीचा आकडा.

ठोक्यांची लयही पाहायला हवी. माझ्या सासऱ्यांच्या घड्याळात ७८ दिसत होतं, अगदी छान. बोटांना मात्र ठोके वेडेवाकडे लागले: दोन घाईने, मग थांबा, मग एक हलका. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू केली. त्यांना स्वतःला काहीच त्रास जाणवत नव्हता.

बसल्या जागी नाडी सतत १००च्या वर राहत असेल किंवा अनियमित लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. सोबत छातीत दुखणं, धाप, चक्कर किंवा शुद्ध हरपणं असेल तर वाट न बघता १०८ला फोन करा.

तरुण मंडळींना एकच सांगणं: या रविवारी आजी-आजोबांजवळ बसा, त्यांचा हात हातात घ्या आणि पूर्ण एक मिनिट मोजा. आकडा आणि तारीख त्यांच्या औषधांच्या डब्यावर लिहून ठेवा. पुढच्या तपासणीला डॉक्टर तोच विचारतील.